खेळाडूचा पगार आणि खेळाडूचा खेळ



पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलबाजार भरतो, हे तुम्हांला सांगायला नको. तिथे बैल पारखणारा जाणता शेतकरी आधी दात पाहतो आणि मग खांद्यावरून हात फिरवतो. जुवाखाली गेलेला खांदा वेगळा आणि दावणीला उभे राहून नुसते खाल्लेल्या बैलाचा खांदा वेगळा. अंगाने दोन्ही जनावरे सारखीच दिसतील. दावणीचे कदाचित अधिकच गुबगुबीत दिसेल. पण चिखलणीला जुंपले की काय ते कळते. आज बोलायचे आहे ते फुटबॉलच्या खेळाविषयी. पण त्यातला पेच या खांद्यासारखाच आहे. मुलगा चांगला खेळतो. एका मोठ्या क्लबाचे बोलावणे येते. पगार घसघशीत, पण त्याच्या जागेवर खेळणारे तीन नावाजलेले गडी तिथे आधीच आहेत. दुसरा क्लब लहान. पैसे बेताचेच, पण दर सामन्याला मैदानात उतरायला मिळेल. त्याने जावे कुठे?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात कबड्डीची आखणी होते. फुटबॉल काय, शाळेच्या मैदानावर पोरे फार तर लाथाडतात. मग हे दूरदेशीचे गाऱ्हाणे आम्हांला कशाला? त्याला कारण आहे. खेळ पगारी झाला की हा पेच प्रत्येक खेळात येतो, आणि २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाल्यापासून कबड्डीतही मोठा पैसा आला आहे. किन्हवलीचा, डोळखांबचा, सरळगावचा किंवा टोकावड्याचा एखादा मुलगा उद्या शहराकडे बोलावला गेला, तर हा प्रश्न त्याच्या घराच्या ओटीवर येऊन बसणार. फुटबॉलमध्ये तो शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. त्यावर भांडणे झाली, संपाच्या धमक्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. म्हणून आधी तिकडचा इतिहास पाहू.

पहिली गोष्ट अशी, की फुटबॉलमधला राखीव खेळाडूंचा बाक फारसा जुना नाही. कबड्डीत सात जण मैदानात आणि पाच राखीव, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की प्रत्येक खेळात राखीव गडी असणारच असे वाटते. पण इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५ पर्यंत बदली खेळाडू ही चीजच नव्हती. अकरा उतरले की अकराच. एकाचा पाय मोडला, तर उरलेल्या दहांनी सामना रेटायचा. १९६५ साली एक गडी बदलण्याची मुभा मिळाली, तीही कुणाला दुखापत झाली तरच. जागतिक करंडकाच्या स्पर्धेत तर बदली खेळाडू १९७० साली आला. मग त्याआधी क्लबापाशी असलेले जास्तीचे खेळाडू करीत काय? ते क्लबाच्या दुसऱ्या संघातून खेळत. या दुसऱ्या संघांच्याही आपापल्या लीग असत. म्हणजे पहिल्या अकरांत नाव नसले, तरी शनिवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर पायाला चेंडू लागायचाच. आज एका सामन्यात पाच गडी बदलता येतात. बाक लांब झाला आणि त्यावर बसण्याचा पगारही मोठा झाला. दावण ही अशी हळूहळू तयार झाली.

आता पगाराकडे वळू. १९०१ पासून इंग्लंडमध्ये असा नियम होता, की कोणत्याही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही. मर्यादा पुढे वाढत वाढत २० पौंडांपर्यंत आली. पण मर्यादा ती मर्यादाच. खेळाडूच्या नावावर पन्नास हजार माणसे तिकीट काढून येवोत, त्याच्या हाती २० पौंडच. अखेरीस खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या पुढारीपणाखाली संपाची हाक दिली आणि १९६१ च्या जानेवारीत ही मर्यादा गेली. लागलीच फुलहॅम क्लबाने जॉनी हेन्स या आपल्या खेळाडूला आठवड्याला १०० पौंड देऊ केले. एका फटक्यात पाचपट!

मर्यादा असताना एक गोष्ट मात्र साधत होती. सगळ्या मोठ्या क्लबांत वरचा पगार कागदोपत्री सारखाच, तेव्हा पगारासाठी क्लब बदलण्यात उघडपणे तरी फारसा अर्थ नव्हता. टेबलाखालून काय चाले ते निराळे. ‘खेळ हवा की पगार’ हा प्रश्न त्या काळच्या खेळाडूला आजच्यासारखा छळत नसे. पण म्हणून तो सुखी होता असे मात्र समजू नका. त्याच्या पायात दुसराच दोर होता. करार संपला तरी क्लब त्याला ‘राखून’ ठेवू शकत असे. नवा करार पत्करायचा नसेल तर घरी बसा. दुसरीकडे खेळायचे नाही. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूला न्यूकॅसल क्लब सोडायचा होता. क्लब सोडीना. त्याने खेळणेच बंद केले आणि पोटासाठी तो दक्षिणेकडे बुचाचा माल विकण्याच्या नोकरीत राहिला. शेवटी १९६० च्या नोव्हेंबरात आर्सेनल क्लबाने ४७,५०० पौंड मोजून त्याला नेले. तरीही त्याचा दावा चालू राहिला आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला, की माणसाला असे राखून ठेवणे म्हणजे त्याच्या धंद्यावर गैरवाजवी बंधन घालणे होय.

बेल्जममधल्या जाँ-मार्क बॉसमनची कथा याहून कठीण. लिएज शहरातल्या त्याच्या क्लबाबरोबरचा करार १९९० मध्ये संपला. नव्या करारात क्लबाने पगार चौथ्या हिश्श्यावर आणला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबात जायचे होते. पण करार संपला असूनही जुना क्लब त्याच्या बदल्यात रक्कम मागत होता. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने बॉसमनच्या बाजूने निकाल दिला, आणि करार संपलेल्या खेळाडूला युरोपात मोकळे जाता येऊ लागले. पण निकालाला पाच वर्षे लागली होती. तोवर बॉसमनचा स्वतःचा खेळ संपला होता. लढला एक आणि वाट मोकळी झाली दुसऱ्यांची.

हा सगळा पाल्हाळ कशासाठी? तर आज खेळाडू दोन क्लबांपुढे उभा राहून ‘इथे जाऊ की तिथे’ म्हणतो, ते म्हणण्याची सोयच मुळी या माणसांनी मिळवून दिलेली आहे. सोय झाली आणि तिच्या पाठोपाठ नवा मोह आला. श्रीमंत क्लब गरजेपेक्षा जास्त खेळाडू जमवू लागले. काही वेळा तर एखादा गडी आपल्याकडे खेळावा म्हणून कमी, आणि समोरच्याकडे खेळू नये म्हणून जास्त घेतला जातो. त्याचा पगार ही त्याला बांधून ठेवण्याचीच किंमत असते. हे ज्याला समजले त्याला अर्धा प्रश्न समजला.

हे झाले विलायतेचे. आपल्या मुंबईत काय घडले?

मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, तुमच्या शहापूर तालुक्यातले तानसा धरण पुरे झाले आणि त्याचे पाणी मुंबईला जाऊ लागले. मुंबईच्या मैदानांवरची हिरवळ तुमच्या पाण्यावर तरारली, असे कुणी म्हटले तर त्याच्याशी वाद घालू नये! असो. सुरुवातीला या स्पर्धेवर पकड होती ती गोऱ्या पलटणींची. त्या शिपायांना पगार पलटणीचा. खेळ हा वरचा छंद. रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला हिंदी संघ बंगलोर मुस्लिम्स, आणि ते साल १९३७.

पुढे स्वातंत्र्यानंतर एका संघाने मुंबईकरांचे डोळे दिपवले. तो हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक त्यांनी नेला. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. हेच रहीमसाहेब १९५१ आणि १९६२ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षक. आता या संघाचे नाव नीट ऐका: पोलीस. नावाप्रमाणेच तो पोलीस खात्याचा संघ. खेळाडूच्या अंगावर खात्याचा गणवेश आणि दर महिन्याला खात्याचा पगार. सामना हरला काय, जिंकला काय, पहिल्या तारखेची काळजी नाही.

मुंबईतही हीच रीत रुळली. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, दोन्ही रेल्वे, खतांचा कारखाना असे कचेऱ्या-कारखान्यांचे संघ उभे राहिले. त्यांतल्या कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकून दाखवला. या पद्धतीचे काम कसे चाले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या विषयाचा गाभा इथेच आहे.

एखादा मुलगा गल्लीतल्या क्लबातून चांगला खेळू लागला, की कंपनीच्या क्रीडा विभागाची नजर त्याच्यावर जाई. त्याला कारकुनाची, शिपायाची, फिटरची, जी असेल ती जागा मिळे. सरावासाठी सवलत, स्पर्धेसाठी रजा. तिशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, की बूट खुंटीला लागत. पण टेबल सुटत नसे. निवृत्तीपर्यंत पगार, प्रॉव्हिडंट फंड, मग घरी. आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून पहाटेच्या लोकलने कामावर जाणाऱ्या आणि मुरबाडहून आधी कल्याण गाठणाऱ्या घरांना या ‘नोकरी’ शब्दाचे वजन सांगावे लागत नाही. इथे पगार टेबलाला बांधलेला होता, मैदानाला नव्हे. संघात निवड झाली नाही म्हणून चूल विझत नसे. म्हणून मुलगा खेळाचा विचार खेळापुरता करू शकत असे. माझ्या मते मुंबईच्या फुटबॉलला गरीब घरांतून इतकी वर्षे खेळाडू मिळत राहिले, त्याचे मोठे श्रेय या नोकऱ्यांना आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायमची नोकरी सोडून कोण जाणार? संघात जागा मिळेना तरी माणूस तिथेच राही. दुसरा संघ त्याला दर आठवड्याला खेळवायला तयार असला, तरी तिथे नोकरी कायम नसेल तर बाप म्हणे, ‘‘वेडा झालास काय?’’ असे किती चांगले गडी फायली उचलता उचलता थंड झाले असतील. पेच तेव्हाही होताच. फक्त तो घराच्या चार भिंतींत सुटे, त्याचा बोभाटा होत नसे.

ही पद्धत एका दिवसात गेली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव खचले. पुढे कंपन्यांची कायम भरती आखडली. महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघाने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली होती. असा संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचे, असे कारण सांगण्यात आले. कारण वाईट नव्हे. पण त्या दिवशी कराराने बांधलेल्या खेळाडूला कळले, की आपल्या मागे टेबल नाही.

तिकडे देशात व्यावसायिक फुटबॉलची घडी बसत होती. १९९६ ला राष्ट्रीय लीग, २००७ ला आय-लीग, २०१४ ला इंडियन सुपर लीग. या शेवटच्या लीगबरोबर मोठा पैसा आला, आणि पैशाबरोबर बाकही आला. पहिल्या तीन हंगामांत मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी खेळाडू चालत. म्हणजे भारतीयांना खात्रीच्या जागा पाचच. संघ आठ, आठा पाचे चाळीस. एवढ्या मोठ्या देशातले चाळीस! बाकीच्यांनी पगार घ्यावा आणि पाहत बसावे. २०१७ च्या हंगामापासून परदेशींची संख्या पाचावर आली आणि २०२१ पासून चारावर. या नियमाने भारतीय मुलाला मैदानात उभे केले, तेवढे कुठल्या भाषणाने केले नसेल.

त्या पहिल्या तीन वर्षांत एक पळवाट होती. सुपर लीग दोन-अडीच महिन्यांत आटोपे. मग तोच खेळाडू आय-लीगमध्ये खेळू शके. खरिपाचे पीक काढून रब्बीला हात घालावा तसे. २०१७-१८ पासून दोन्ही लीग एकाच वेळी खेळवल्या जाऊ लागल्या. वाट बंद झाली. आता एकच काय ते निवडा. तिकडे पैसा आणि दूरदर्शनवरची कीर्ती, इकडे धुळीची मैदाने पण नव्वद मिनिटांचा खेळ. हा आपला पेच भारतात उघड्यावर आला तो याच सुमारास.

पण सूज्ञांना त्याची चाहूल आधी लागली होती. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने तरुण खेळाडूंचाच एक संघ उभारला. पुढे तो इंडियन ॲरोज नावाने ओळखला गेला. कल्पना साधी होती: मोठ्या क्लबांच्या बाकावर बसून मुले गंजतात, तर त्यांना एकत्र करून आय-लीगमध्ये खेळवू. हरले तर हरू देत. २०१३ मध्ये हा संघ मोडला आणि २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा जागतिक करंडक भारतात झाला होता. अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांशीही आपली मुले हरली. त्या हरलेल्या मुलांना विखरू न देता या संघात घेतले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी चेन्नई सिटीविरुद्धचा पहिलाच सामना त्यांनी ३-० असा जिंकला. त्यांतले दोन गोल अनिकेत जाधवचे.

हा अनिकेत कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हणजे काय गाव आहे! तिथे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. कुस्तीच्या मातीतून चेंडू उसळावा, हे तिथेच शक्य. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरते, घराघरांत दोन पक्ष पडतात. तिथल्या मुलाला पेठेची जर्सी अंगावर चढवून खेळायला मिळणे म्हणजेच पगार. अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, ॲरोजमध्ये सामने खेळून पक्का झाला, आणि २०१९ मध्ये जमशेदपूरच्या संघाने त्याला सुपर लीगमध्ये नेले. क्रम लक्षात घ्या. आधी सामने, मग करार. ॲरोजचा संघ २०२२ मध्ये महासंघाने पुन्हा बंद केला. मला हा निर्णय पटलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, ती सांगतो.

मुंबई एफ. सी. नावाचा क्लब होता. २००७ मध्ये स्थापन झालेला. खालिद जमील यांनी तिथे बरीच वर्षे प्रशिक्षकाचे काम केले. २०१६ मध्ये क्लबाने त्यांना दूर केले. ते गेले कुठे, तर थेट मिझोरामात, ऐझॉलच्या क्लबाकडे. डोंगरातले गाव, देशातल्या अगदी कमी खर्चाच्या संघांपैकी एक संघ. आदल्या हंगामात तो आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. जमील यांच्याबरोबर मुंबईचे दोन खेळाडू तिकडे गेले, जयेश राणे आणि आशुतोष मेहता. राणे त्याआधी सुपर लीगमध्ये चेन्नईच्या संघात होता. २०१५ साली तो संघ विजेता ठरला होता. अशा झगमगाटातला मुंबईचा मराठी मुलगा ऐझॉलला जातो म्हटल्यावर शेजारीपाजारी काय बोलले असतील, त्याची कल्पना तुम्हीच करा.

तिथे ही मुले खेळली. आठवड्यामागून आठवडा खेळली. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता. ऐझॉलला बरोबरी पुरेशी होती. आधी शिलाँग लाजाँगने गोल केला, मग ऐझॉलने फेडला, आणि सामना १-१ असा सुटला. ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. एका गुणाने मोहन बागानसारखा जुना, मातबर क्लब मागे पडला आणि ऐझॉल भारताचा विजेता झाला. ईशान्येकडचा पहिलाच. त्याच हंगामात मुंबई एफ. सी. शेवटच्या क्रमांकावर जाऊन लीगमधून खाली घसरला!

पुढचेही ऐका. राणेला त्याच वर्षी कोलकात्याच्या एटीके संघाने सुपर लीगमध्ये परत घेतले, आणि २०२० मध्ये तो संघ अजिंक्य ठरला. मेहता २०२१ च्या मार्चमध्ये भारताकडून खेळला. खालिद जमील २०२५ साली भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. ऐझॉलला गेला म्हणून कुणाचे नुकसान झाले असे दिसत नाही.

थोरांच्या आयुष्यातही हा प्रसंग येतो. भारताकडून सर्वांत जास्त गोल करणारा सुनील छेत्री २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबाकडे गेला. नाव केवढे! पण तिथे त्यांच्या दुसऱ्या संघाकडून त्याला अवघे तीन सामने मिळाले. २०१३ च्या सुरुवातीला तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे उसना आला आणि त्या हंगामाची आय-लीग त्या संघाने जिंकली. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात २०१४ पासून तीन वर्षे होता, त्यांतला बराच काळ दुसऱ्या क्रमांकाचा. युरोपा लीगच्या सामन्यात उतरणारा पहिला भारतीय हा मानही त्याला तिथेच मिळाला. तरी २०१७ मध्ये तो बंगळूरला परतला आणि तिथे रोज खेळू लागला. गोलरक्षकाचा पेच तर सर्वांत अवघड, कारण जागाच मुळी एक.

एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, मग ठरले तर. पगाराच्या मागे लागू नये. थांबा. इतक्या झटपट निकाल देऊ नका. पगाराची गोष्ट काढणाऱ्या मुलाला हावरट म्हणणे सोपे आहे, विशेषतः ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो अशा माणसाने. ज्याच्या घरी दोन एकर वरकस जमीन आहे, पावसाळा संपला की वीटभट्टीची वाट धरावी लागते, त्या घरात पहिल्या वर्षीचा पगार म्हणजे बहिणीचे लग्न असते, घरावरचे पत्रे असतात. खेळाडूची कमाईची वर्षे दहा-बारा. गुडघ्याचा एक दोरा तुटला की तीही नाहीत. अशा मुलाने मोठी रक्कम घेतली आणि एक हंगाम बाकावर काढला, तर त्याला मी दोष देणार नाही. तिशी गाठलेल्या खेळाडूने तर बेलाशक पैसा घ्यावा. प्रश्न आहे तो अठरा ते बावीस या वयाचा. ही वर्षे बाकावर गेली तर पुढच्या कराराची बोलणी कशाच्या जोरावर करणार? दोन हंगाम न खेळलेल्या गड्याला तिसऱ्या हंगामात कोणी विचारीत नाही.

आणि मोठा पगारही दगडावरची रेघ नसतो. २०२५ साली सुपर लीगच्या कराराचा तिढा पडला, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. मोठाले क्लब होते हे!

कबड्डीतले एक उदाहरण देतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई. २०१८ च्या लिलावात यू मुंबा संघाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. तो हंगामभर चढाया करीत राहिला. २०१९ मध्ये त्याच्यावर बोली लागली १ कोटी ४५ लाखांची. एका हंगामात माणूस चौपट बलवान होत नाही. त्याचा खेळ लोकांनी पाहिला, एवढेच. मात्र फुटबॉल आणि कबड्डी यांत एक फरक आहे. फुटबॉलमध्ये खेळाडू क्लब निवडतो. कबड्डीच्या लिलावात बोली लावणारा खेळाडूला निवडतो. ‘राखून ठेवणे’ हा ईस्टहॅमच्या वेळचा शब्दही तिथे आहेच. तेव्हा आपल्याकडच्या मुलाला निवड करायची असते ती लिलावाच्या आधीच्या टप्प्यावर, जिल्ह्याच्या आणि मुंबईच्या स्थानिक संघांत. तिथे नावाजलेल्या संघाच्या राखीव पाचांत जायचे, की साध्या संघाच्या सातांत? माझे मत तुम्ही ओळखले असेल.

शिक्षकमंडळींना मुद्दाम सांगावेसे वाटते. असा एखादा मुलगा कागद घेऊन तुमच्याकडे येईल. रकमेचा आकडा तो आधीच पाठ करून आलेला असेल. तुम्ही दुसरेच विचारा. त्याच्या जागेवर खेळणारे संघात आणखी किती जण आहेत? गेल्या हंगामात तिथल्या वीस वर्षांखालच्या मुलांनी किती सामने खेळले? क्लबाचा दुसरा संघ आहे काय, आणि तो कोणत्या स्पर्धेत उतरतो? जागा मिळाली नाही तर दुसऱ्या क्लबाकडे एका हंगामापुरते उसने जाता येईल, असे करारात लिहिले आहे काय? पगार दरमहा की हंगामाच्या शेवटी? पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? आपल्या राज्यात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक स्पर्धांतली कामगिरी आणि तिची पडताळणी झालेली प्रमाणपत्रे लागतात. कोणत्या संघाकडून कोणती स्पर्धा खेळल्यास ती मिळतील, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. नंतर विचारून उपयोग नसतो. आणि करार बहुधा इंग्रजीत असतो, तेव्हा सही करण्यापूर्वी तो मुलाच्या आईबापांना ओळीओळीने मराठीत सांगा. मुदत किती वर्षांची आहे, ते दोनदा सांगा.